टेट्राक्लिटा : एक जाती की अनेक?

किनाऱ्यावरच्या खडकांना कायमचे चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या प्राण्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे टेट्राक्लिटा या एकाच प्रजातीशी संबंधित आहेत. त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर तिच्याच वाट्याला दिले आहे. प्राणिशास्त्राच्या मराठी ग्रंथांतील रीतीप्रमाणे येथे ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज असे समजावे.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या काळ्या कातळावर ओहोटीच्या वेळी रुपयाच्या नाण्याएवढे, काही त्याहूनही मोठे, टोकाला भोक असलेले खडबडीत शंकू दिसतात. महाविद्यालयात असताना प्रात्यक्षिकाच्या वहीत आम्ही त्यांचे नाव ‘टेट्राक्लिटा स्क्वामोसा’ असे लिहिले होते. आता पुतण्याने दाखवलेल्या एका यादीत अरबी समुद्रासाठी निराळेच नाव दिले आहे. शंकू तेच आणि कातळही तोच, मग नाव कसे बदलले? आम्ही कोणते नाव लिहावे? (रत्नागिरी जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपल्या वहीतले नाव त्या काळच्या पुस्तकांना धरूनच होते. ‘स्क्वामोसा’ हे जातिनाम ब्रुगिएर यांनी १७८९ साली दिले आणि टेट्राक्लिटा ही प्रजाती शूमाखर यांनी १८१७ साली स्थापन केली. विसाव्या शतकाचा बराच काळ, उष्ण समुद्राच्या खडकावर चार पट्टांचा (म्हणजे भिंतीच्या चार चुन्याच्या तुकड्यांचा) आणि जाड, सच्छिद्र भिंतीचा शंकू दिसला की त्याला टेट्राक्लिटा स्क्वामोसा किंवा तिची एखादी उपजाती म्हणायचे, अशी जवळजवळ सर्वत्र पद्धत होती. भारतातील पाठ्यपुस्तके आणि जीवसूची याच पद्धतीने तयार झाल्या, आणि त्यांतले नाव वर्गातल्या फळ्यावरून विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरत राहिले.

गेल्या पंचवीस वर्षांत या समूहाची नव्याने छाननी झाली आणि जिला एकच जाती मानले जात होते तिच्यात अनेक स्वतंत्र जाती सामावल्या आहेत, असे स्पष्ट झाले. अरबी समुद्रापुरते सांगायचे तर ओमानच्या आखाताच्या इराणी किनाऱ्यावर विपुल आढळणाऱ्या टेट्राक्लिटाचे २०११ साली ‘टेट्राक्लिटा एहसानी’ या नावाने नवी जाती म्हणून वर्णन झाले, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम हिंदी महासागराच्या व्यापक अभ्यासात वायव्य भारतातील नमुनेही याच जातीत मोडतात असे आढळले. खऱ्या अर्थाने स्क्वामोसा म्हणावी अशी जाती आज पश्चिम पॅसिफिकची, विशेषतः दक्षिण चीनच्या किनाऱ्याची, मानली जाते. तेव्हा कोकणातल्या शंकूला केवळ सवयीने स्क्वामोसा म्हणणे आता योग्य ठरणार नाही.

आपण काय लिहावे, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. नमुना तपासलेला नसेल तर ‘टेट्राक्लिटा, जाती अनिश्चित’ एवढेच लिहावे आणि त्यापुढे गावाचे नाव, तारीख व खडकावरची उंची नोंदवावी. प्राथमिक तपासणी मात्र आपण स्वतःही करू शकता. पश्चिम हिंदी महासागरातल्या बहुतेक टेट्राक्लिटांच्या भिंतीत गुलाबी छटा असते, तर पश्चिम पॅसिफिकमधल्या बहुतेक जातींची भिंत हिरवी, हिरवट करडी किंवा करडी असते. जुन्या शंकूचा पृष्ठभाग झिजलेला आणि शेवाळाने माखलेला असल्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या रंगावर विसंबू नये. लाटांच्या माऱ्याने आपोआप फुटलेला एखादा शंकू शोधून त्याच्या ताज्या कडेचा रंग पाहावा. ती कड गुलाबी असेल तर आपल्या पुतण्याने दाखवलेल्या यादीला बळ मिळते. तरीही जातीचे नाव निश्चित करायला केवळ रंग पुरत नाही. ते का, हे पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : बार्नॅकल हे शिंपल्यांच्या आणि कालवांच्या जातकुळीतले आहेत की नाहीत? विद्यार्थी विचारतात आणि दिसायला तर ते शिंपलेच वाटतात. (ठाण्यातील एक शिक्षिका)

उत्तर : नाहीत. ते खेकडे, कोळंबी आणि शेवंड यांच्यासारखे कवचधारी संधिपाद प्राणी आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना जसे वाटते तसेच अठराव्या शतकातल्या निसर्गशास्त्रज्ञांनाही वाटत होते. लिनिअसने १७५८ च्या आपल्या वर्गीकरणात त्यांना शिंपल्यांच्या सोबतच बसवले होते. आयर्लंडमधील कॉर्क येथे लष्करी वैद्य असलेल्या जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी समुद्राच्या पाण्यातून गाळून घेतलेली सूक्ष्म, पोहणारी पिल्ले भांड्यात वाढवली. ती पिल्ले भांड्याच्या काचेला चिकटून त्यांचे बार्नॅकल झाले. १८३० साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाल्यावर शिंपल्यांशी मानलेले नाते संपले.

अंड्यातून बाहेर पडणारी नॉप्लिअस ही अळी सहा अवस्थांतून वाढते, आणि त्यानंतर तिचे सायप्रिड या काहीही न खाणाऱ्या अळीत रूपांतर होते. सायप्रिडचे काम एकच असते. आपल्या स्पर्शिकांनी खडक चाचपत जागा निवडायची आणि तेथे डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घ्यायचे. चिकटल्यानंतर भोवती चुन्याची भिंत उभी राहते. पाणी आले की वरची झडप उघडून पायांच्या सहा जोड्या बाहेर पडतात आणि पाण्यातले अन्नकण गोळा करतात. भरती येत असताना एखाद्या खडकातल्या डबक्याशी शांतपणे बसून पाहिले तर हे पाय लयीत बाहेर येऊन पुन्हा आत जाताना साध्या डोळ्यांनी दिसतात. वर्गात चित्र दाखवण्यापेक्षा विद्यार्थ्यांना हे प्रत्यक्ष दाखवावे.

वर्गीकरणाची वरची चौकट २०२१ साली बेनी चॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने मांडली. त्यानुसार थीकोस्ट्राका या वर्गात १४ गण, ६५ कुले आणि ३६७ प्रजाती येतात आणि जातींची अंदाजे संख्या २,११६ भरते. नेहमीचे बार्नॅकल ज्यात मोडतात तो सिरिपीडिया हा त्या वर्गाचा उपवर्ग होय. टेट्राक्लिटिडी हे कुल त्यातल्या बॅलॅनोमॉर्फा या गणात येते, म्हणजे देठ नसलेल्या, थेट खडकाला बसलेल्या बार्नॅकलांमध्ये. या मांडणीत मला सर्वांत विलक्षण वाटते ते टेट्राक्लिटिडीचे शेजार. कासवांच्या पाठीवर वाढणारी कुले आणि देवमाशांच्या कातडीत रुतून बसणारी कुले त्याच्याबरोबर एकाच अधिकुलात ठेवलेली आहेत. रत्नागिरीच्या कातळावरचा शंकू आणि देवमाशाच्या अंगावरचा बार्नॅकल हे कातळावरच्याच दुसऱ्या बारीक बार्नॅकलांपेक्षा एकमेकांना अधिक जवळचे आहेत.

प्रश्न : एकाच खडकावर तीन-चार प्रकारचे बार्नॅकल असतात. त्यांतून टेट्राक्लिटा कशी ओळखावी? (मालवण येथील एक वाचक)

उत्तर : खडकावरची उंची, पट्टांची संख्या आणि भिंतीची घडण या तीन गोष्टी पाहाव्यात.

उंचीपासून सुरुवात करू. उधाणाच्या भरतीचे पाणी जेमतेम पोहोचते त्या पट्ट्यात करड्या रंगाचे, सहसा सेंटीमीटरभरही रुंद नसलेले बारीक बार्नॅकल दाटीने पसरलेले असतात. ते थॅमॅलस या प्रजातीचे. १९६३ साली मुंबईच्या किनाऱ्यावरून थॅमॅलस मलायेन्सिस या जातीची नोंद शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. यांची भिंत सहा पट्टांची असते आणि ती भरीव असते. टेट्राक्लिटा त्याच्या खाली, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात, जेथे लाटा जोराने आदळतात अशा उघड्या कातळावर वाढते. खाडीच्या तोंडाशी, जेटीच्या खांबांवर आणि होड्यांच्या बुडाला जे पांढरे, उभ्या जांभळट रेघांचे गुळगुळीत बार्नॅकल दिसतात ते अॅम्फिबॅलॅनस अॅम्फिट्राइट होत. त्यांचेही पट्ट सहाच, पण त्यांना चुन्याचा तळ असतो. ते खरवडून काढले तरी पांढरी गोल चकती मागे उरते. होडीचे बूड साफ करणाऱ्या प्रत्येकाला ही चकती चांगली परिचयाची असते.

टेट्राक्लिटाचे पट्ट चार असतात. वाढलेल्या शंकूच्या सांध्यांवर झीज होऊन ते बाहेरून दिसेनासे होतात, त्यामुळे रिकाम्या शंकूच्या आतल्या बाजूने ते मोजावेत. सर्वांत खात्रीची खूण भिंतीतच आहे. फुटलेल्या टेट्राक्लिटाची कड भिंगाखाली धरली तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकमेकींना लागून असलेल्या असंख्य बारीक नळ्यांची तोंडे दिसतात, आणि या नळ्यांच्या एकामागे एक अशा अनेक ओळी असतात. अॅम्फिबॅलॅनसच्या भिंतीतही नळ्या असतात, मात्र त्यांची ओळ एकच असते. वरचा थर झिजला की टेट्राक्लिटाच्या या नळ्या उघड्या पडतात आणि शंकूला उभा खरखरीतपणा येतो.

याच कुलातली टेट्राक्लिटेला ही आणखी एक प्रजाती आपल्याला दगडाखाली, कपारीत किंवा सावलीच्या बाजूला भेटेल. तिलाही पट्ट चारच, पण ती चपटी असते आणि तिच्या पट्टांमधले जोडभाग चांगले रुंद असतात. टेट्राक्लिटेला करांदेई ही तिची एक जाती १९७१ साली अर्नोल्ड रॉस यांनी भारतातील नमुन्यांवरून वर्णिली आणि एका भारतीय संशोधकाच्या सन्मानार्थ तिला ते नाव दिले. आपल्या किनाऱ्याच्या बार्नॅकलांवर मुंबईत किती चिकाटीने काम झाले होते, याची ही नोंद शास्त्रीय नावातच राहिली आहे. आजच्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक असायला हवी.

प्रश्न : डार्विनने आठ वर्षे बार्नॅकलांचा अभ्यास केला, असे आम्ही वाचतो. मग इतक्या जाती त्यांच्या नजरेतून कशा सुटल्या? (मुंबईतील प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर डार्विनच्या पद्धतीइतकेच या प्राण्याच्या घडणीतही दडलेले आहे.

डार्विनने १८४६ पासून १८५४ पर्यंत हे काम केले आणि बिनदेठाच्या बार्नॅकलांवरचा त्यांचा ग्रंथ १८५४ साली बाहेर आला. त्यात त्यांनी आजच्या बहुतेक टेट्राक्लिटा जातींना ‘टेट्राक्लिटा पोरोसा’ या एकाच जातीत गोळा केले आणि हिरवट, काळपट, लालसर अशा रूपांना प्रकार म्हणून वेगळी नावे दिली. म्हणजे फरक त्यांना दिसले होते, परंतु त्या फरकांना जातीचा दर्जा द्यावा असे त्यांना वाटले नाही. बार्नॅकलांच्या बेसुमार परिवर्तनशीलतेने आपण हैराण झालो आहोत, असे ते त्या वर्षांत मित्रांना लिहीत होते.

ही परिवर्तनशीलता खरी आहे. बार्नॅकल उभयलिंगी असला तरी फलनासाठी त्याला अगदी लगत शेजारी लागतो, आणि सायप्रिड अळीसुद्धा स्वजातीच्या प्रौढांचा रासायनिक माग घेत त्यांच्याजवळच बसते. त्यामुळे दाटी होते. मोकळ्या जागी वाढलेला शंकू बसका आणि रुंद तळाचा होतो. दाटीत वाढलेला तोच प्राणी नळकांड्यासारखा उंच होतो. जोराच्या लाटा, वाळूचा घासा, भिंतीत भोके पाडणारे सूक्ष्म जीव आणि वय यांमुळे पृष्ठभाग, तोंडाचा आकार आणि रंग हे सारे बदलते. इंग्लंडमध्ये बसून जगभरातून आलेले कोरडे, झिजलेले नमुने पाहणाऱ्या माणसाला यातला परिस्थितीचा भाग कोणता आणि वंशाचा कोणता, हे ठरवणे फार कठीण होते.

१९१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयातील बार्नॅकलांवर लिहिताना हेन्री पिल्सब्री यांनी प्राधान्याच्या नियमानुसार पोरोसाऐवजी जुने स्क्वामोसा हे नाव स्वीकारले आणि प्रदेशानुसार त्याच्या उपजाती मांडल्या : जपानची जापोनिका, हिंदी महासागराच्या पश्चिमेची रूफोटिंक्टा, कॅलिफोर्नियाची रुबेसेन्स, आणि इतरही काही. ही मांडणी मला फार मोलाची वाटते, कारण या समूहाचा अर्थ भूगोलाशी जोडून लावायला हवा, ही दिशा तिने दाखवली. पुढच्या पिढ्यांनी यांतल्या बहुतेक उपजातींना स्वतंत्र जातींचा दर्जा दिला.

अखेरचा टप्पा जनुकीय पुराव्याने गाठला गेला. तैवान आणि हाँगकाँगच्या संशोधकांनी पूर्व आशियातील स्क्वामोसाचे नमुने घेऊन भिंत, झडपेचे तुकडे, पायांवरचे केस आणि तंतुकणिकांमधला (मायटोकॉन्ड्रियांमधला) डीएनए हे सारे शेजारी ठेवून पाहिले. २००७ साली त्यांनी दोन नव्या जाती वेगळ्या केल्या : सिंगापूरची टेट्राक्लिटा सिंगापोरेन्सिस आणि तैवान-ओकिनावाच्या बाजूची टेट्राक्लिटा कुरोशिओएन्सिस. यांतली दुसरी जाती बाहेरून दक्षिण चीनच्या स्क्वामोसाइतकीच हिरवट दिसते. मी वर म्हटले की केवळ रंग पुरत नाही, ते यासाठी.

झडपेविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याला प्रयोगशाळेत हेच काम करावे लागेल. शंकूच्या तोंडावरची झडप चार तुकड्यांची असते : दोन स्क्युटम आणि दोन टर्गम. भिंत लाटांना सामोरी असते, हे तुकडे मात्र तोंडाच्या आत बरेचसे सुरक्षित राहतात, म्हणून त्यांचा आकार अधिक विश्वासार्ह असतो. टेट्राक्लिटाचा टर्गम अरुंद आणि चोचीसारख्या टोकाचा असतो. त्याची रुंदी, त्याच्या खालच्या काटेरी फाट्याची लांबी आणि तो फाटा स्क्युटमच्या बाजूच्या कोनापासून किती दूर आहे, या मापांत जातींमधला फरक सापडतो. डार्विन आणि पिल्सब्री या दोघांनीही हे तुकडे बारकाईने पाहिले होते. एका जागेच्या अनेक नमुन्यांची मापे दुसऱ्या जागेच्या अनेक नमुन्यांशी ताडून पाहण्याची आणि त्या मापांना वंशाच्या स्वतंत्र पुराव्याची जोड देण्याची सोय त्यांच्यापाशी नव्हती.

प्रश्न : अळ्या जर पाण्यात तरंगत दूरवर जात असतील, तर सगळ्या समुद्रांतली टेट्राक्लिटा मिसळून एकच व्हायला हवी होती. तसे का झाले नाही? (पुण्यातील एक वाचक)

उत्तर : या सदरासाठी आलेला हा सर्वांत मूलगामी प्रश्न आहे, म्हणून त्याला जरा अधिक जागा देतो.

अळ्या तरंगतात हे खरे, परंतु त्या अमर्याद काळ तरंगत नाहीत. पाण्याच्या तापमानानुसार साधारण दोन-तीन आठवड्यांत नॉप्लिअसच्या अवस्था पूर्ण होतात आणि त्यानंतर सायप्रिडला साठवलेल्या चरबीवर निभवावे लागते. त्या मुदतीत योग्य खडक मिळाला नाही तर अळी मरते. म्हणजे अळी किती दूर जाईल हे तिच्या आयुष्याची मुदत आणि त्या मुदतीत प्रवाह तिला नेईल ती दिशा, या दोहोंवर ठरते. प्रवाह सरळ रेषेत दूर नेणारा असेल तर शेकडो किलोमीटरचा किनारा एकत्र बांधला जातो. तो गोल फिरून त्याच भागात परत आणणारा असेल, किंवा दोन निराळी पाणी-राशी जेथे भेटतात तेथे अडसर तयार होत असेल, तर नकाशावर जवळ दिसणारे दोन किनारे अळीच्या दृष्टीने फार दूर असतात.

२०१२ सालच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्यात हीच गोष्ट पश्चिम हिंदी महासागरात तपासली गेली. ३२ ठिकाणांहून टेट्राक्लिटा गोळा करून त्यांची रचना आणि तीन जनुके ताडून पाहिली तेव्हा सात वेगळे वंश आढळले, आणि त्यांच्या सीमा महासागरातल्या प्रमुख प्रवाहप्रणालींच्या सीमांशी जुळल्या. मोसमी वाऱ्यांनी फिरणाऱ्या उत्तरेकडच्या मोठ्या प्रवाहचक्रात टेट्राक्लिटा रूफोटिंक्टा राहते. ओमानचे आखात आणि वायव्य भारत येथे एहसानी. साधारण १० अंश दक्षिण अक्षांशावर पाण्याच्या रासायनिक गुणांत एकदम बदल होणारी जी सीमारेषा आहे, तिच्याशी निगडित एक वंश त्या वेळी नवीन जाती म्हणून नोंदवला गेला. दक्षिण मादागास्कर आणि मॉरिशसच्या पाण्यात टेट्राक्लिटा रेनी, केवळ तांबड्या समुद्रात टेट्राक्लिटा अचिटुवी, आणि दक्षिण आफ्रिकेत टेट्राक्लिटा सेराटा, जिच्यात तंतुकणिकांच्या जनुकांवरून दोन गट दिसतात पण शरीररचनेवरून आणि केंद्रकातल्या जनुकावरून ते वेगळे काढता येत नाहीत. या शेवटच्या उदाहरणात संशोधकांनी दोन गटांना दोन जाती म्हणण्याची घाई केली नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. जनुकांच्या एका प्रकारात फरक दिसला की लगेच नवी जाती जाहीर करावी, असा मोह अलीकडे वाढला आहे.

याच अभ्यासात असेही दिसले की या प्रदेशात हिमयुगांतल्या समुद्रपातळीच्या चढउतारांचा ठसा तुलनेने पुसट आहे. पश्चिम पॅसिफिकमध्ये हिमयुगात उथळ समुद्र कोरडे पडून खोरी अलग झाली होती आणि तेथल्या अनेक किनारी प्राण्यांच्या जातिभेदाचे मूळ त्या अलगपणात शोधले जाते. आपल्या बाजूच्या महासागरात मात्र आजचे वाहते पाणी हेच विभाजनाचे मुख्य कारण ठरते.

आता हे कोकणाला लावून पाहू. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षभर एका दिशेने वाहत नाही. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात तो दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उत्तरेकडे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या प्रवाहाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. अळ्या कोणत्या महिन्यांत सुटतात यावर त्या गुजरातकडे जातील की केरळकडे, हे ठरेल. म्हणून वायव्य भारतात एहसानी सापडली यावरून संपूर्ण पश्चिम किनाऱ्यावर तीच असणार, असा निष्कर्ष काढू नये. गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत ठरावीक अंतरांवर नमुने घेऊन टर्गमची मापे आणि जनुके तपासणारा एखादा शोधप्रबंध आपल्या विद्यापीठांतून व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. साधनांच्या दृष्टीने हे काम अवघड नाही, आणि भरतीच्या कोष्टकाप्रमाणे उन्हातान्हात कातळावर चालायची तयारी असलेले विद्यार्थी आपल्याकडे आहेत.

प्रश्न : मस्कतजवळच्या खडकांवर फिरताना गुलाबी छटेचे बार्नॅकल दिसतात, काही तर मोठ्या शंखांच्या पाठीवरही चिकटलेले असतात. हे आपल्या कोकणातलेच का? (मस्कत येथे राहणारे एक मराठी वाचक)

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे एहसानीशी जुळतात. तिच्या मूळ वर्णनात गुलाबी भिंत, मधल्या व खालच्या पट्ट्यातला वावर आणि मृदुकाय प्राण्यांच्या कवचांवर बसण्याची सवय या तिन्ही गोष्टी नोंदलेल्या आहेत. रूफोटिंक्टा आणि रेनी यांच्याशी तिचे बाह्यरूप बरेच मिळतेजुळते असल्यामुळे खात्रीसाठी टर्गम पाहावाच लागेल. कोकणाशी असलेल्या नात्याविषयी वरच्या उत्तरात लिहिले आहेच. आपण तेथून सुट्टीत येताना नमुने आणण्याऐवजी छायाचित्रे आणि नोंदी आणाव्यात. प्राण्यांचे नमुने एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याला परवानगी लागते.

प्रश्न : कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ज्याला ‘व्होल्कॅनो बार्नॅकल’ म्हणतात तो यांच्यापैकीच का? (सॅन होजे येथील एक वाचक)

उत्तर : होय, ती टेट्राक्लिटा रुबेसेन्स, पिल्सब्रींच्या उपजातींपैकी पुढे स्वतंत्र जाती ठरलेली. तिच्याबाबत लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तिची उत्तर सीमा स्थिर नाही. पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास थांबणारी ही जाती १९७० नंतरच्या दशकांत उत्तर कॅलिफोर्नियात आणखी वर सरकल्याची नोंद झाली आहे. अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावरची, म्हणजे कॅरिबियन व ब्राझीलकडची, जाती वेगळी आहे. तिला टेट्राक्लिटा स्टॅलॅक्टिफेरा म्हणतात.

प्रश्न : जुन्या भारतीय नोंदींत सर्वत्र स्क्वामोसाच लिहिले आहे. त्या नोंदी आता निरुपयोगी समजाव्यात का? (गोव्यातील एक संशोधक विद्यार्थी)

उत्तर : कदापि समजू नयेत. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात विसाव्या शतकाच्या आरंभी नेल्सन अॅनंडेल यांनी बार्नॅकलांवर काम केले, आणि त्याच संग्रहालयातील हिंदी महासागराच्या संग्रहावर निल्सन-कँटेल यांचा विस्तृत निबंध १९३८ साली प्रसिद्ध झाला. अशा कामांतले जातिनाम आज बदलावे लागेल, परंतु नमुना जपलेला असेल आणि त्याच्या चिठ्ठीवर जागा लिहिलेली असेल तर तो पुन्हा तपासता येतो. ज्या प्रकाशित यादीत केवळ नाव आहे, पण नमुना कोठे ठेवला ते नाही, रेखाटन नाही आणि टर्गमचे वर्णनही नाही, तिचा आधार घेताना ‘टेट्राक्लिटा, व्यापक अर्थाने स्क्वामोसा’ असे लिहावे. जुन्या सर्व नोंदी सरसकट एहसानीच्या खात्यात टाकणे हीदेखील तीच चूक होईल, फक्त नाव निराळे असेल. आपल्या प्रबंधात कृपया ते टाळावे.

प्रश्न : आमच्या निसर्गमंडळाला मार्च-एप्रिलमध्ये सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर बार्नॅकलांची नोंद करायची आहे. नमुने कसे घ्यावेत? (कुडाळ येथील एका मंडळाचे कार्यवाह)

उत्तर : अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची ओहोटी निवडावी, कारण टेट्राक्लिटाचा पट्टा त्या वेळी पूर्ण उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत गेलात तर त्याचा खालचा भाग पाण्याखालीच राहील. पाणी उतरू लागण्यापूर्वी तेथे पोहोचावे आणि पाण्याबरोबर खाली उतरत जावे, म्हणजे प्रत्येक पट्ट्याची उंची नीट लक्षात येते.

प्रत्येक ठिकाणी आधी छायाचित्रे घ्यावीत : एक वरून, झडप स्पष्ट दिसेल असे, एक बाजूने, आणि एक थोड्या दुरून, ज्यात तो शंकू खडकाच्या कोणत्या पातळीवर आहे हे कळेल. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे. खडक समुद्राकडे तोंड करून आहे की खाडीच्या आडोशाला, दाटी किती आहे आणि सोबत दुसरे कोणते बार्नॅकल आहेत, हे लगेच वहीत लिहावे, घरी येऊन आठवणीवर विसंबू नये. मालवणचे सागरी अभयारण्य आपल्या मार्गात येत असेल तर तेथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नये. इतर ठिकाणीही एका जागेचे मोजकेच शंकू घ्यावेत, आणि ते दाटीच्या मधोमध असलेले न घेता कडेचे घ्यावेत, कारण नव्या अळ्या त्या दाटीच्या मागावरच येऊन बसतात.

काढताना पातळ छिन्नी तळाशी आडवी धरावी, म्हणजे भिंत आणि झडप शाबूत राहील. जनुकीय तपासणी व्हावी असे वाटत असेल तर नमुना फॉर्मॅलिनमध्ये मुळीच घालू नये. ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा आणि पहिल्या दिवसानंतर ते एकदा बदलावे, कारण प्राण्याच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होते. शंकू बंद असेल तर इथेनॉल आत शिरत नाही, म्हणून झडप सुईने किंचित सैल करावी. टर्गम आणि स्क्युटम वेगळे केले तर ते छोट्या कागदी पाकिटात घालून पाकिटावर त्याच नमुन्याचा क्रमांक लिहावा. बाटलीच्या आत टाकायची चिठ्ठी जाड कागदाची असावी आणि ती पेन्सिलनेच लिहावी, कारण बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये काही दिवसांत धुऊन निघते आणि मग नमुना कोणत्या कातळावरचा होता हे कोणालाच सांगता येत नाही.